गाडी घेतली, पण कागद वाचून

आमच्या दारात चारचाकी गाडी उभी राहील, असे मला स्वप्नातही कधी वाटले नव्हते. पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीत, पत्र्याच्या खोलीत आमचा संसार सुरू झाला. माझे मिस्टर कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी, २०२२ साली, तिथूनच निवृत्त झाले. मी गेली वीस वर्षे कामगार मुलांना पोळी-भाजीचे डबे देते. अशा आमच्या घरात २०२३ साली जुनी स्कॉर्पिओ आली. ती घेताना आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीतून थोडे शहाणपणही आले. ते माझ्या बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहायला बसले आहे. मी काही लेखिका नाही. रोज रात्री हिशेबाची वही लिहिते, तेवढेच माझे लिखाण.

गाडीचा विचार हौसेतून आला नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सारे आत्या म्हणतो, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. २०२१ च्या दिवाळीनंतर एका रात्री त्यांची डावी बाजू लुळी पडली. लातूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. पुढच्या उपचाराला त्यांना पुण्याला आणायचे ठरले. एस.टी.त त्यांना बसवणे शक्य नव्हते. भाड्याच्या गाडीने जाऊन-येऊन ११,००० रुपये घेतले. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी सुरू झाली. त्यांचे मन शहरात रमत नाही, म्हणून पुन्हा गावी सोडायचे, पुन्हा आणायचे. आम्ही दोघे, थोरला, सून, नातू, धाकटी आणि आत्या अशी सात माणसे. छोट्या गाडीत मावत नाही, आणि गावाकडचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता असा की पावसाळ्यात छोटी गाडी खाली घासते. म्हणून थोरला म्हणाला, “आई, उंच, सात जणांची जुनी गाडी बघू. गाडी चालवणे तर माझा रोजचा धंदाच आहे.” तो एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे.

मिस्टरांच्या हाती निवृत्तीचे पैसे आले होते. त्याचे आम्ही तीन वाटे केले होते. एक घराच्या स्लॅबसाठी, एक धाकटीच्या नर्सिंगसाठी आणि एक अडीअडचणीला. शिष्यवृत्ती मिळाली तरी वसतिगृह, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा चार वर्षांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. तिसऱ्या वाट्यात ४,५०,००० रुपये होते. तेवढ्यातच गाडी बसवायची, असे ठरले.

इथवर सगळे हिशेबाने चालले होते. पण मिस्टरांच्या मनात एक काळी गाडी होती, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गावात शिरताना आधी चावडी लागते, मग उजव्या हाताला आपली वस्ती. आत्या सांगतात की सासरे लहान असताना चावडीवरून जायचे तर पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. सासरे आता नाहीत. तो काळही गेला. पण माणसाच्या मनातून तो इतक्या लवकर जात नाही. पुढे त्याच चावडीसमोर मोठमोठ्या काळ्या गाड्या उभ्या राहू लागल्या. सुट्टीवर गेलेले मिस्टर एस.टी.तून उतरून पिशवी घेऊन त्यांच्या बाजूने चालत जात. आपलीही तशीच गाडी त्या रस्त्याने जावी, असे त्यांना वाटले तर त्यात काय चूक? मी तरी त्यांना दोष देणार नाही. दोष आहे तो त्या भावनेचा सौदा करणाऱ्याचा.

एका रविवारी आम्ही जुन्या गाड्यांच्या एका एजंटाकडे गेलो. ओळीने गाड्या लावलेल्या, धुऊन चकचकीत केलेल्या. त्यात एक काळी, मोठी, सात जणांची गाडी होती. २०१४ सालची. मीटर ६८,००० किलोमीटर दाखवत होते. किंमत साडेपाच लाख. एजंटाने मिस्टरांना एकदा नीट पाहिले, थोडे बोलते केले, गाव विचारले आणि मग म्हणाला, “काका, ही गाडी घेऊन गावात शिरा. लोक उठून उभे राहतील.”

त्या एका वाक्याने आमचा सौदा झाला म्हणा ना. गाडीखाली कोणी वाकून पाहिले नाही. कागद कोणी मागितले नाहीत. “दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे,” असे त्याने सांगताच मिस्टरांनी २५,००० रुपये बयाणा देऊन टाकला. त्याने कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. त्यात व्यवहार मोडला तर पैसे परत मिळतील की नाही, याचा एक शब्द नव्हता.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला. लाखभर रुपये कमी पडत होते. मिस्टर म्हणाले, “धाकटीच्या पैशातून घेऊ. वर्षभरात परत टाकू.” मी काही बोलले नाही. धाकटीच म्हणाली, “घ्या बाबा. माझे पुढचे पुढे बघू.” तिने हे इतक्या सहज म्हटले की मला जेवण गेले नाही. आमच्या घराण्यात दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बायका झाल्या, पण त्या झाडू-फरशीच्या. नर्सच्या गणवेशात उभी राहणारी ही पहिली मुलगी. आणि तिचे पैसे आम्ही चाकाखाली घालायला निघालो होतो.

रात्री भांडी आवरून बसले तर धाकटी मोबाईल घेऊन आली. सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की तिची माहिती दिसते. नोंदणी कधीची, मालक कितवा, विमा आणि पी.यू.सी. कधीपर्यंत, हे सगळे. तिने नंबर टाकला आणि म्हणाली, “आई, एजंट पहिला मालक म्हणत होता ना? इथे तिसरा आहे. आणि गाडीवर कर्ज आहे.”

गाडीवर कर्ज म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना नीट माहीत नसते. मलाही नव्हते. कर्जाने घेतलेल्या गाडीच्या आर.सी. पुस्तकावर कर्ज देणाऱ्याचे नाव चढवलेले असते. ते कर्ज फिटून, त्यांचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ भरून ते नाव उतरवल्याशिवाय गाडी आपल्या नावावर विनासायास होत नाही. हप्ते थकले तर कर्ज देणारा गाडी ओढून नेऊ शकतो. म्हणजे पैसे आपले, आणि गाडी दारातून दुसऱ्याच्या कर्जापायी जाणार.

थोरल्याने एजंटाला फोन केला. तो हसत म्हणाला, “थोडेच हप्ते राहिलेत. तुम्ही पूर्ण पैसे द्या, मी भरून टाकतो.” थोरला म्हणाला, “आम्हीच कर्जाच्या खात्यात भरतो, पावती घेतो आणि उरलेले तुम्हाला देतो.” त्यावर एजंटाचा आवाज बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला आपल्या ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेला. मीही हट्टाने बरोबर गेले. मिस्त्रींनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होते. ते म्हणाले, “ताई, आपण येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन कसे सुरू होते, हेच तर बघायचे असते.” मग चालू इंजिनवर त्यांनी तेलाचे झाकण उघडले, तर आतून भकाभका धूर आला. मागे सायलेन्सरमधून निळसर धूर. “निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते,” ते म्हणाले.

मी आपली गाडीच्या आत बघत होते. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ६८,००० मध्ये एवढे झिजत नाही, असे थोरला म्हणाला. तेवढ्यात ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला एक मळकट चिठ्ठी चिकटलेली दिसली. पदराने पुसली. कुठल्या तरी गॅरेजने तेल बदलल्यावर लावलेली. त्यावर २०२० सालची तारीख होती आणि पुढचे तेल १,२४,००० किलोमीटरला बदला, असे पेनाने लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी जी गाडी सव्वा लाखाच्या घरात होती, ती आज ६८,००० वर कशी आली? मीटर मागे फिरवले होते. रोज वही लिहिणाऱ्या बाईला एवढा हिशेब तर नक्कीच कळतो.

आम्ही व्यवहार मोडला. बयाण्यासाठी तीन आठवडे हेलपाटे घातले. १५,००० रुपये परत मिळाले, १०,००० बुडाले. वहीत मी ते “शिकवणीची फी” म्हणून लिहिले आहेत. मिस्टर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “मला गाडी दिसलीच नाही गं. मला चावडी दिसत होती.” मी म्हटले, “अहो, चावडीवरून तर जायचेच आहे. पण लेकीचे पैसे जागेवर ठेवून जाऊ.”

त्यानंतर आम्ही दोन महिने घाई केली नाही. काही गाड्या पाहिल्या. एक गाडी फारच स्वस्त होती. मिस्त्रींनी तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर टोकाला वाळलेला गाळ. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या, आत कुबट वास. पुरात बुडालेली गाडी होती ती. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ साली चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण पाहिले आहे. अशा गाडीची वायरिंग पुढे कायम त्रास देते. दुसरी एक गाडी दिल्लीकडची निघाली. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला होता. म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येत होत्या. पण परराज्यातल्या गाडीला तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. ते सगळे धरले तर स्वस्ताई उरत नव्हती.

शेवटी गाडी मिळाली ती ओळखीतून. थोरल्याच्या बसमधल्या एका कामगाराचे शेजारी, निवृत्त शिक्षक. पांढरी स्कॉर्पिओ, २०१२ सालची, एकच मालक. मीटर १,१२,००० किलोमीटर, म्हणजे त्या काळ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. पण सर्व्हिसचे एकेक बिल गुरुजींनी दोऱ्यात ओवून ठेवले होते, आणि प्रत्येक बिलावरचा आकडा मीटरशी जुळत होता. मिस्त्रींनी सकाळी सहाला जाऊन थंड इंजिन सुरू करून पाहिले. १,००० रुपये घेतले आणि स्पष्ट सांगितले, “इंजिन चांगले. क्लच सहा महिन्यांत जाईल. टायर बदलावे लागतील.” टायरवर कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर २०१६ चे निघाले. या दोन गोष्टी दाखवून आम्ही किंमत कमी करून मागितली. ४,४०,००० वरून ४,०५,००० वर सौदा ठरला. उरलेले ४५,००० त्याच कामांसाठी ठेवले. टायरला ३०,००० आणि क्लचला १६,००० लागले. म्हणजे अंदाज हजाराने चुकला.

गुरुजी एका गोष्टीवर ठाम होते. “माझ्यासमोर नाव बदलायचा अर्ज गेल्याशिवाय मी चावी देणार नाही.” मला वाटले, यांचा आमच्यावर विश्वास नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. गाडी विकली तरी आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात हेच सांगितले आहे. तेव्हा नाव बदलणे घेणाऱ्याच्या इतकेच विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या. पैसे बँकेतून खात्यावर दिले, रोख एक रुपयाही नाही. त्यांचे दंडाचे १,५०० रुपये ऑनलाइन बाकी दिसत होते, ते त्यांनी आधी भरले. त्यांचा फास्टॅग बंद केला, आम्ही आमचा घेतला. विमा आमच्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत दिला. ही मुदत कायद्यातच आहे, आणि गावोगावी लोक तीच विसरतात.

आता खर्चाचेही खरे सांगते. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते, पण गाडीचे पोट रोज भरावे लागते. १,५०० सी.सी.च्या वरच्या खाजगी मोटारीचा नुसता थर्ड पार्टी विमा तेव्हा वर्षाला ७,८९७ रुपये होता, वर जी.एस.टी. वेगळा. पूर्ण विमा घेतला तेव्हा १५,००० च्या आसपास गेला. गावी जाऊन-येऊन ७०० किलोमीटर होतात. लिटरला बारा किलोमीटर धरले तर जवळजवळ ५८ लिटर डिझेल, म्हणजे साडेपाच हजारांच्या आत-बाहेर, आणि टोल निराळा. सर्व्हिस, तेल, फिल्टर आहेच. वर्षाला दोनदाच गावी जायचे असेल, तर भाड्याची गाडीच परवडते. हे मी आमच्या वहीवरून सांगते. आम्हाला वर्षातून सहा-सात वेळा जावे लागते आणि घरात ड्रायव्हर आहे, म्हणून आमचे जुळले.

वस्तीतले लोक कधी लग्नाला, कधी बाळंतिणीला गाडी मागतात. अडीनडीला आम्ही जातो, पण भाडे घेत नाही. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवणे कायद्याला धरून नाही, आणि तशात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. चार पैसे सुटतील म्हणून तो धोका पत्करू नये. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०२७ साली संपेल. मग तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करावी लागेल. त्यासाठी दर महिन्याला ५०० रुपये मी वेगळ्या डब्यात टाकते.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा आत्यांना गावी सोडायला गेलो. टेंभुर्णी, बार्शी, येडशी, मुरूड करत लातूर गाठले. स्कॉर्पिओ उंच. आत्यांना पाय वर घेता येईना, म्हणून घरातला लाकडी पाट बरोबर ठेवला होता. त्यावर पाय देऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. गाव जवळ आले तशा त्या सावरून बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि थोरल्याला म्हणाल्या, “चावडीपाशी जरा हळू घे रं बाळा.”

त्याने गाडी हळू घेतली. कोणी उठून उभे राहिले नाही. पारावर दोन पोरे मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. एका म्हाताऱ्याने हात वर करून विचारले, “बरी हाय का गं तब्येत?” आत्यांनी काच खाली करून सांगितले, “बरी हाय.” एवढेच. पण मागच्या सीटवर मिस्टर खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. ती गाडी पांढरी होती, जुनी होती, पण कर्जाची नव्हती आणि लेकीच्या शिक्षणाला नख लावून आलेली नव्हती. धाकटी आज नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

माझ्या बंधू-भगिनींना शेवटी एवढेच सांगायचे आहे. आपल्या माणसाला चांगली गाडी घ्यावीशी वाटली तर त्याला हसू नका, अडवूही नका. मात्र पहिल्या दिवशी बयाणा देऊ नका. नंबर घेऊन घरी या आणि शिकल्यासवरल्या पोराला-पोरीला त्याची माहिती काढायला सांगा. गाडी सकाळी, थंड इंजिनवर, आपल्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. त्याचे हजार रुपये वाया जात नाहीत. कर्ज उतरलेले पाहा. पैसे बँकेतून द्या. नाव बदलल्याचे कागद हाती आल्याशिवाय व्यवहार पुरा झाला, असे समजू नका. आणि घरातल्या बाईला बरोबर न्या. गाडीतले तिला कळत नसेल, पण पैसा कुठून आला आणि कशासाठी ठेवला होता, हे तिला पक्के ठाऊक असते.